आडात आहे, पोहऱ्यात का नाही?

सार्डिनिया बेटावरच्या कालियारी शहराचं सांडपाणी जिथे समुद्रात पडतं, तिथलं पाणी थोड्या अंतरावर आपोआप निवळतं, हे जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांच्या नजरेत भरलं. साल १९४५. महायुद्ध नुकतंच संपत आलेलं, प्रयोगशाळेत साधनांची वानवा. ब्रोत्झूंनी त्या गटाराच्या तोंडाशी नमुने घेतले आणि त्यात त्यांना एक बुरशी मिळाली. तिच्या अर्काने टायफॉइडचे जंतू मरत होते. तो अर्क त्यांनी रुग्णांना टोचूनही पाहिला. इटलीतली कुठलीही औषध कंपनी पुढे आली नाही. शेवटी १९४८ साली त्यांनी आपल्याच संस्थेच्या एका छोट्या पुस्तिकेत ही माहिती छापली आणि ओळखीच्या एका ब्रिटिश आरोग्य अधिकाऱ्यामार्फत ती बुरशी ऑक्सफर्डला पोचती झाली.

ऑक्सफर्डच्या ज्या सर विल्यम डन प्रयोगशाळेत ती गेली, तिथे आधीच एक जुनी जखम ठसठसत होती. फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी पेनिसिलिनला औषधाचं रूप दिलं ते इथेच. चेन पोटतिडकीने सांगत होते की याचं पेटंट घ्या. फ्लोरींनी सर हेन्री डेल आणि एडवर्ड मेलनबी या दोन वडीलधाऱ्यांना विचारलं. औषधाचं पेटंट घेणं वैद्यकाच्या नीतीत बसत नाही, असं दोघांचंही मत पडलं आणि विषय तिथेच मिटला. १९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली मदत मागायला अमेरिकेला गेले. इलिनॉयमधल्या पिओरिया इथल्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या रसावर बुरशी वाढवून मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन काढण्याची रीत तयार झाली आणि त्या रीतीची पेटंटं एका अमेरिकी संशोधकाच्या नावावर गेली. पुढे ब्रिटिश कारखान्यांना आपल्याच देशात जन्मलेलं औषध बनवण्यासाठी अमेरिकेला रॉयल्टी मोजावी लागली.

हे सगळं एडवर्ड अब्राहम यांनी जवळून पाहिलं होतं, कारण पेनिसिलिनच्या त्या चमूत तेही होते. कालियारीची बुरशी हातात आल्यावर त्यांनी आणि गाय न्यूटन यांनी १९५३ मध्ये तिच्यातून सेफॅलोस्पोरिन-सी वेगळं केलं, आणि या वेळी पेटंट घेतलं. पेटंट सांभाळायला राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ होतं. पेनिसिलिनचा चटका बसल्यावर ब्रिटिश सरकारने १९४८ मध्ये मुद्दाम उभं केलेलं. सेफॅलोस्पोरिनची रॉयल्टी वर्षानुवर्षं येत राहिली. अब्राहम यांनी आपल्या वाट्याचा बहुतेक पैसा न्यासांमध्ये घालून ऑक्सफर्डलाच परत दिला. आज तिथल्या कितीतरी प्रयोगशाळा आणि शिष्यवृत्त्या त्या न्यासांवर चालतात. ज्या माणसाने गटाराच्या तोंडाशी ती बुरशी शोधली त्याच्या कालियारीला मात्र त्यातलं विशेष काही मिळालं नाही.

एकाच इमारतीत दहा-बारा वर्षांत घडलेल्या या दोन गोष्टी मी मुद्दाम आधी सांगितल्या. विद्यापीठातलं संशोधन पेटंटात आणि पेटंट बाजारात कसं न्यायचं, यावर युरोपात गेल्या तीस वर्षांत जेवढा कागद खर्ची पडला, त्यात बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट सांगितली जाते. आपण शोध लावतो आणि पैसे दुसरे कमावतात, हे रडगाणं. दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. तिच्यात कायदा बदललेला नव्हता. शहाणा झालेला एक माणूस होता आणि त्याच्या पाठीशी एक कार्यालय होतं.

त्या रडगाण्याला १९९५ मध्ये अधिकृत नाव मिळालं. युरोपीय आयोगाने नवोपक्रमांवर एक हरितपत्रिका काढली आणि त्यात ‘युरोपीय विरोधाभास’ हा शब्दप्रयोग रुजवला. विज्ञानात युरोप कुणाला हार जात नाही, पण त्या विज्ञानाचा माल होऊन बाजारात येत नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आयोगाचं म्हणणं नेमकं उलट होतं. आड तुडुंब भरलेला आहे, पोहराच रिकामा वर येतो. मग सगळ्यांचं लक्ष पोहऱ्याकडे गेलं. दोर बदला, रहाट बदला, पाणी शेंदायला माणसं नेमा.

२००६ मध्ये इटालियन अर्थशास्त्रज्ञ जोव्हानी डोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अप्रिय प्रश्न विचारला: आड खरंच भरलेला आहे का? शोधनिबंधांची नुसती संख्या न मोजता सर्वाधिक प्रभावी संशोधनाचा वाटा पाहिला तर युरोप अमेरिकेच्या मागे आहे आणि विज्ञानाशी जवळचं नातं असलेल्या उद्योगांतही त्याच्या कंपन्या दुबळ्या आहेत, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे दुखणं विद्यापीठ आणि बाजार यांच्यामधल्या पुलाचं कमी आणि दोन्ही किनाऱ्यांचं जास्त. धोरणकर्त्यांना हे पटणं कठीण होतं, कारण पूल बांधता येतो, किनारा बांधता येत नाही.

दुसरा धक्का मोजणीचाच होता. युरोपीय विद्यापीठांची पेटंटं कमी आहेत, हे विधान ज्या आकड्यांवर उभं होतं त्यात विद्यापीठाच्या नावावर असलेली पेटंटंच तेवढी धरलेली होती. फ्रांचेस्को लिस्सोनी आणि इतर काही संशोधकांनी वेगळी वाट धरली. पेटंटावरच्या संशोधकांची नावं त्यांनी प्राध्यापकांच्या याद्यांशी ताडून पाहिली. चित्र पार पालटलं. प्राध्यापकांनी लावलेल्या शोधांची पेटंटं युरोपात भरपूर होती, पण ती कंपन्यांच्या नावावर होती. फ्रान्समध्ये अशा पेटंटांपैकी सुमारे ६० टक्के, इटलीत ७० टक्क्यांहून अधिक, तर स्वीडनमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पेटंटं कंपन्यांच्या मालकीची निघाली. अमेरिकेत याच्या उलट, बहुतेक पेटंटं विद्यापीठांच्या ताब्यात. म्हणजे पाणी वर येत होतं, फक्त ते दुसऱ्याच्या घागरीत पडत होतं. त्यात वाईट काय, हा प्रश्न विचारायला हवा होता. एरिक्सनमध्ये सल्लागार असलेल्या स्वीडिश प्राध्यापकाचा शोध एरिक्सनने वापरला, तर तो बाजारात गेलाच की!

युरोपीय पेटंट कार्यालयाने २०२४ मध्ये हीच मोजणी मोठ्या प्रमाणावर केली. युरोपातून त्या कार्यालयाकडे येणाऱ्या अर्जांपैकी साधारण १० टक्के अर्जांच्या मुळाशी विद्यापीठीय संशोधन आहे, असं दिसलं. शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. विद्यापीठाने स्वतःच्या नावाने अर्ज करण्याचं प्रमाणही या काळात बरंच वाढलं. ही वाढ आपोआप झाली नाही. तिच्यामागे कायद्यांची एक लाट आहे.

अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा केला. सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाला ठेवता येईल, अशी मुभा त्याने दिली. पुढच्या वीस वर्षांत स्टॅनफर्ड आणि एमआयटीभोवती कंपन्यांचं जे रान माजलं त्याचं श्रेय, रास्त असो वा नसो, या कायद्याला मिळालं. युरोपात अनेक देशांत तेव्हा ‘प्राध्यापकांचा विशेषाधिकार’ चालत होता. नोकरदाराचा शोध मालकाचा, हा सर्वसाधारण नियम असला तरी विद्यापीठातल्या प्राध्यापकाला त्यातून सूट होती. शोध त्याचा, पेटंट त्याचं, नफाही त्याचाच. जर्मनीत तर ही सूट विद्येच्या स्वातंत्र्याचाच भाग मानली जाई. डेन्मार्कने २००० मध्ये ती मोडीत काढली, जर्मनी आणि ऑस्ट्रियाने २००२ मध्ये, नॉर्वेने २००३ मध्ये, फिनलंडने २००७ मध्ये. इटलीची तऱ्हाच न्यारी. सगळं जग एका दिशेला चाललेलं असताना २००१ मध्ये तिने हा विशेषाधिकार नव्याने आणला आणि २०२३ मध्ये काढून टाकला. स्वीडनने मात्र आपला १९४९ चा नियम अजून धरून ठेवला आहे.

जुन्या पद्धतीवरचा आक्षेप साधा होता. पेटंट घ्यायला पैसा लागतो, वकील लागतो, गिऱ्हाईक शोधावं लागतं. प्राध्यापक यातलं काहीच करत नाही, म्हणून शोध कपाटात पडून राहतो. विद्यापीठाकडे मालकी गेली तर ते तंत्रज्ञान हस्तांतरणाचं कार्यालय उघडेल, तज्ज्ञ नेमेल आणि सगळं मार्गी लागेल. ऐकायला पटणारं होतं. नॉर्वेत प्रत्यक्षात काय झालं ते मोजलं गेलं आहे. हान्स व्हिदे आणि बेंजामिन जोन्स यांचा २०१८ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, २००३ च्या बदलानंतर विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेल्या नव्या कंपन्यांचं आणि घेतलेल्या पेटंटांचं प्रमाण दोन्ही जवळपास निम्म्यावर आलं. दर्जातही घसरणीची चिन्हं होती. पूर्वी शंभर टक्के फायदा प्राध्यापकाचा होता. आता त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा आला आणि वर कार्यालयाची परवानगी. ज्याच्या डोक्यात शोध आहे त्याचाच उत्साह मावळला तर कार्यालय काय विकणार?

मालकीच्या प्रश्नाचं सर्वांत नाट्यमय उदाहरण जनुकं संपादित करणाऱ्या क्रिस्पर तंत्राचं. फ्रेंच शास्त्रज्ञ एमान्युएल शारपांतिए तेव्हा स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात काम करत होत्या. जेनिफर डूडना कॅलिफोर्नियात होत्या आणि शारपांतिएंचा सहकारी क्षिशतोफ खिलिन्स्की व्हिएन्ना विद्यापीठात. मे २०१२ मध्ये अर्ज झाला तो तीन अर्जदारांच्या नावाने: कॅलिफोर्निया विद्यापीठ, व्हिएन्ना विद्यापीठ आणि एमान्युएल शारपांतिए. दोन विद्यापीठांच्या रांगेत एक एकटी बाई! उमिओ विद्यापीठाचं नाव कुठेच नाही, कारण स्वीडनच्या जुन्या नियमाने तो हक्क तिचाच होता. त्याच हक्काच्या बळावर पुढे स्वित्झर्लंडमध्ये ‘क्रिस्पर थेरप्युटिक्स’ ही कंपनी उभी राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये या कंपनीच्या आणि व्हर्टेक्स या औषध कंपनीच्या सिकलसेलवरच्या उपचाराला पहिली मंजुरी ब्रिटनने दिली. आता उमिओच्या जागी एखादं जर्मन विद्यापीठ असतं आणि त्याने आपल्या वाट्यावर आग्रह धरला असता, तर हे इतक्या वेगाने झालं असतं का? मला शंका आहे. अर्थात शारपांतिएंइतका पीळ असलेले संशोधक रोज सापडत नाहीत, आणि सर्वसाधारण नियम अपवादावर बेतता येत नाही, हेही खरंच.

मालकीवरच्या या भांडणात कालमर्यादेचा मुद्दा मागे पडतो. कामाच्या टेबलाशी बसणाऱ्याला तोच सर्वांत छळतो. पीएचडीची एखादी विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणा. तीन वर्षांच्या धडपडीनंतर तिला एक नवा उत्प्रेरक सापडला आहे. पुढच्या आठवड्यात लिस्बनला परिषद आहे, पोस्टर छापून तयार आहे, त्यावर आलेखासकट सगळं मांडलेलं. अमेरिकेत असती तर पोस्टर लावल्यावर बारा महिन्यांच्या आत पेटंटाचा अर्ज केला तरी चाललं असतं. युरोपीय पेटंट करारात अशी मोकळीक जवळपास नाहीच. अर्जाच्या आदल्या दिवशी जे लोकांसमोर आलं ते नवीन राहत नाही, मग ते स्वतः शोधकाने का सांगितलेलं असेना. म्हणून युरोपातल्या हस्तांतरण कार्यालयांतली माणसं परिषदांच्या तारखा पाठ करून असतात आणि शुक्रवारी दुपारी ‘सोमवारी माझं भाषण आहे’ असा फोन आला की डोक्याला हात लावतात. मुलीने पोस्टर मागे घेतलं तर तिची परिषद हुकते, लावलं तर पेटंट जातं. हा पेच सवलतीच्या मुदतीने सुटू शकतो, आणि ती द्यावी अशी मागणी युरोपात अनेक वर्षं होते आहे. ती मान्य होत नाही याचं एक कारण उद्योग. प्रतिस्पर्ध्याच्या नावावर उद्या काय येणार आहे हे त्यांना आजच कळायला हवं असतं.

अर्ज झाला तरी घड्याळ थांबत नाही. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत आंतरराष्ट्रीय अर्ज करावा लागतो. तीस-एकतीस महिन्यांपाशी ठरवावं लागतं की कुठल्या कुठल्या देशांत पुढे जायचं, आणि तिथे प्रत्येक देशासाठी वेगळा खर्च, वेगळे वकील, अनेकदा भाषांतर. अडीच वर्षांत मूलभूत शोधाला गिऱ्हाईक मिळणं ही नशिबाची गोष्ट. मग कार्यालयाकडच्या मर्यादित पैशात काय वाचवायचं आणि काय सोडायचं, याचा निवाडा ज्याने करायचा तो बहुधा एका विषयात पीएचडी केलेला आणि शंभर विषयांची पेटंटं सांभाळणारा एक थकलेला माणूस असतो. चांगली पेटंटं इथे मरतात. त्यांच्या मृत्यूची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही, फक्त वार्षिक शुल्क भरलं जात नाही एवढंच.

या खर्चाच्या बाजूने मात्र एक मोठा बदल झाला. १ जून २०२३ पासून एकात्मिक युरोपीय पेटंट आणि त्यासाठीचं एकच न्यायालय सुरू झालं. करार पन्नास वर्षं रखडलेला होता. त्यात भाषांचे मानापमान, स्पेनची नाराजी आणि ब्रेक्झिटमुळे लंडनची गेलेली पीठाची जागा असं सगळं होऊन गेलं. ती जागा अखेर मिलानला गेली. आज १८ देश त्यात आहेत. दहा वर्षांचं नूतनीकरण शुल्क पाच हजार युरोंच्या आत बसतं. पूर्वी तेवढ्यात जेमतेम चार देश मिळत. लहान विद्यापीठांना याचा फायदा होईल असं मला वाटतं, पण वकिलांना त्याहून जास्त.

आता एका भल्या मोठ्या चुकीबद्दल, कारण तिच्यातून एक संस्था खरंच शिकली. १९७५ मध्ये केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत सेझार मिल्स्टाइन आणि गेऑर्ग क्योलर यांनी मोनोक्लोनल प्रतिपिंडं बनवण्याची रीत शोधली. पेनिसिलिननंतर मुद्दाम उभारलेल्या त्याच महामंडळाला कळवण्यात आलं. महामंडळाकडून उत्तर आलं की, या शोधाचा तातडीने काही व्यावहारिक उपयोग दिसत नाही. पेटंट झालं नाही. काही वर्षांतच अमेरिकेत या रीतीवर आधारलेली पेटंटं निघाली आणि १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. चटका बसल्यावर फोड येऊ नये म्हणून नेमलेल्या माणसानेच दुसऱ्यांदा हात भाजून घ्यावा, तशी ही गत.

पण त्याच प्रयोगशाळेत ग्रेग विंटर होते. उंदराच्या प्रतिपिंडांना मानवी रूप देण्याची रीत त्यांनी १९८० च्या दशकात काढली, आणि या वेळी ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैद्यकीय संशोधन परिषदेने पेटंट घेतलं आणि अनेक कंपन्यांना परवाने दिले. १९८९ मध्ये विंटर यांनी ‘केंब्रिज अँटिबॉडी टेक्नॉलॉजी’ सुरू केली. जर्मनीतल्या बीएएसएफच्या औषध विभागाबरोबर या कंपनीने संधिवातावर जे प्रतिपिंड तयार केलं ते म्हणजे अडालिमुमाब, बाजारातलं नाव हुमिरा. हे औषध बाजारात येण्याआधीच तो विभाग अमेरिकेच्या अॅबटने विकत घेतला. हुमिरा पुढे जगात सर्वाधिक विकलं जाणारं औषध झालं, २०२२ या एका वर्षात त्याची विक्री २,१०० कोटी डॉलरवर गेली. रॉयल्टीवरून केंब्रिजच्या कंपनीला अॅबटविरुद्ध लंडनच्या न्यायालयात जावं लागलं. ती जिंकली आणि २००५ मध्ये अॅबटने तडजोडीत २५ कोटी ५० लाख डॉलर मोजले. ते पैसे मूळ परवाना देणाऱ्या संस्थांना गेले, त्यात वैद्यकीय संशोधन परिषदही होती. विंटर यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं.

ही यशाची गोष्ट की अपयशाची? पेटंट वेळेवर झालं, कंपनी निघाली, रॉयल्टी आली, प्रयोगशाळेला नवी इमारत बांधण्याइतका पैसा मिळाला. तरी मुख्य मलई शिकागोजवळच्या एका कंपनीने खाल्ली. एमपी३चंही तसंच. एर्लांगेनच्या विद्यापीठात आणि तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आवाज आकुंचित करण्याची पद्धत घासूनपुसून नीट करत होते. सगळी वाद्यं ठीक वाटत होती, तेवढ्यात त्यांना कळलं की स्पीकर तपासायला लोक सुझान वेगाचं ‘टॉम्स डायनर’ वापरतात. त्यात वाद्य एकही नाही, एका बाईचा नुसता आवाज. त्यांच्या पद्धतीत तो आवाज असा काही फाटला की त्यांना पुन्हा सुरुवात करावी लागली. ते एकच गाणं ऐकून ऐकून त्यांनी पद्धत सुधारली. १४ जुलै १९९५ ला फायलींना ‘एमपी३’ हे शेपूट लावायचं ठरलं. पहिला बाजारू खिसाप्लेयर दक्षिण कोरियात बनला, आयपॉड कॅलिफोर्नियात. फ्राउनहोफरला परवान्यांतून इतका पैसा आला की २००८ मध्ये त्यातून एक स्वतंत्र न्यास काढता आला. परवान्यांचा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. जर्मनीत अजून कुणी ना कुणी याबद्दल हळहळत असतो. मला त्यात तितकंसं वाईट वाटत नाही. संशोधन संस्थेने खिसाप्लेयर बनवायचा नसतोच. तो बनवणारं दुसरं कुणी त्या आवारात नव्हतं, हे खरं दुखणं.

मग असं आवार तयार कसं होतं? युरोपात याचं एक जुनं आणि कमी बोलबाला झालेलं उदाहरण लुव्हेनचं. बेल्जियमच्या या विद्यापीठाने हस्तांतरणाचं स्वतंत्र खातं १९७२ मध्ये काढलं, म्हणजे बे-डोलच्याही आठ वर्षं आधी. त्याची युक्ती अशी की, वेगवेगळ्या विभागांतल्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन गट करायचा, आणि त्या गटाने उद्योगांकडून किंवा परवान्यांतून जे मिळवलं ते बव्हंशी त्याच गटाच्या संशोधनात परत घालायचं. विद्यापीठाच्या तिजोरीत नेऊन ओतायचं नाही. प्राध्यापकाला स्वतःच्या खिशात पैसा येण्याइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, पुढच्या पाच वर्षांच्या प्रयोगांची तरतूद झाली याचं समाधान असतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं. १९९७ मध्ये दोन बँकांना सोबत घेऊन त्यांनी सुरुवातीच्या भांडवलाचा निधीही उभा केला. रॉयटर्सने युरोपातल्या सर्वांत नवोपक्रमशील विद्यापीठांची यादी काढली तेव्हा लुव्हेन सलग काही वर्षं पहिलं आलं.

लुव्हेनचा सर्वांत मोठा शोध मात्र अर्धा प्रागचा आहे. १९७६ मध्ये ग्योटिंगेनच्या एका परिषदेत लुव्हेनच्या रेगा संस्थेतले विषाणुतज्ज्ञ एरिक डे क्लर्क आणि प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अंटोनीन होली भेटले. मधे पोलादी पडदा. होली प्रागमध्ये रेणू बनवत आणि पाकिटातून लुव्हेनला पाठवत, डे क्लर्क ते विषाणूंवर तपासत. या पत्रव्यवहारातून १९८० च्या दशकात विषाणूरोधक रेणूंचं एक घराणंच जन्माला आलं. परवाना आधी ब्रिस्टल-मायर्सकडे गेला. स्क्विबशी विलीनीकरण झाल्यावर कंपनीने तो गुंडाळला. तिथे हे काम पाहणारे जॉन मार्टिन त्या वेळी अगदीच चिमुकल्या असलेल्या गिलीडमध्ये गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी परवाना तिकडे नेला. २००१ मध्ये त्या घराण्यातलं टेनोफोव्हिर बाजारात आलं आणि एचआयव्हीच्या उपचाराचा कणा झालं. होलींच्या प्रागमधल्या संस्थेला मिळालेली रॉयल्टी युरोपातल्या कुठल्याही सार्वजनिक संशोधन संस्थेला हेवा वाटावा इतकी होती. टेनोफोव्हिर असलेल्या एका गोळीला संसर्ग टाळण्यासाठी घ्यायला अमेरिकेने १६ जुलै २०१२ रोजी मान्यता दिली. त्याच दिवशी होली वारले.

या औषधाच्या पुढच्या प्रवासात मुंबई येते. गिलीडच्या टेनोफोव्हिरवरच्या अर्जांना विरोध करणाऱ्यांत सिप्ला होती आणि २००९ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ते नाकारले. युरोपातल्या पेटंटाची रॉयल्टी प्रागला जात राहिली आणि भारतातून स्वस्त गोळ्या आफ्रिकेला. पेटंट हा देशादेशाचा हक्क असतो, सगळ्या जगाचा एक हक्क नसतो, हे अशा वेळी नीट कळतं.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते जॉन मार्टिन. टाकून दिलेल्या रेणूची किंमत ओळखणारा माणूस अमेरिकेत कंपनी बदलू शकत होता. युरोपात तो मिळत नाही, असं नाही. त्याच्या हाताशी ज्या रकमेचा चेक लागतो तो मिळत नाही. केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यन आणि डेव्हिड क्लेनरमन यांना १९९७ मध्ये एका पबमध्ये बसून जनुकीय अक्षरं भराभर वाचण्याची कल्पना सुचली. पुढच्याच वर्षी ‘सोलेक्सा’ निघाली. २००७ मध्ये सॅन डिएगोच्या इल्युमिनाने ती ६० कोटी डॉलरला विकत घेतली आणि जगभरचं जनुकवाचन तिकडे गेलं. मैंझ विद्यापीठातल्या उगुर शाहीन आणि ओझ्लेम त्युरेजी यांच्या बायोएनटेकला श्ट्र्यूंगमान बंधूंसारखे चिवट जर्मन गुंतवणूकदार मिळाले, म्हणून ती तगली. तरी शेअर बाजारात जायची वेळ आली तेव्हा तीही २०१९ मध्ये न्यूयॉर्कला गेली. कंपनीचा पत्ता ‘आन देर गोल्डग्रूबे’, म्हणजे सोन्याच्या खाणीपाशी. कोविड लशीनंतर मैंझ महापालिकेच्या तिजोरीत व्यवसायकराचा जो पूर आला तो पाहता, रस्त्याला नाव देणाऱ्याच्या जिभेवर सरस्वती असावी.

मारिओ द्राघी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या स्पर्धाक्षमतेवर जो अहवाल दिला, त्यात हे सगळं आकड्यांत आहे. युरोपातल्या विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या पेटंटांपैकी सुमारे एक तृतीयांशच वापरात येतात. २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या आणि पुढे अब्ज डॉलरवर पोचलेल्या १४७ नवउद्योगांपैकी ४० जणांनी आपलं मुख्यालय बाहेर हलवलं, बहुतेकांनी अमेरिकेत. पहिल्या आकड्यावर खूप ओरड होते. खरं तर अमेरिकेतही विद्यापीठांची बरीचशी पेटंटं पडूनच असतात, संशोधनाचा तो स्वभाव आहे. दुसरा आकडा जास्त बोचरा आहे, कारण तो उतरलेल्या पिकाबद्दल आहे.

प्रयोगशाळा आणि बाजार यांच्यामधला टप्पा ओलांडायला सार्वजनिक पैसा आला आहे, हे मान्य करायला हवं. युरोपीय संशोधन परिषद २०११ पासून मूलभूत शोध कसोटीला लावण्यासाठी दीड लाख युरोंचं छोटं अनुदान देते. माझ्या मते युरोपातला हा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे: लहान रक्कम, कमी कागद आणि आधीच सिद्ध झालेला माणूस. २०२१ मध्ये सुमारे १,०१० कोटी युरोंची युरोपीय नवोपक्रम परिषद आली. ती थेट भागभांडवलही घेते. विद्यापीठांनी स्वतः किती भागभांडवल घ्यावं, हा वाद ब्रिटनमध्ये जास्त रंगला. ऑक्सफर्ड एके काळी नव्या कंपनीत निम्म्यापर्यंत वाटा मागत असे, २०२१ पासून तो २० टक्क्यांवर आणला. २०२३ च्या सरकारी पाहणीत औषधांसारख्या क्षेत्रात १० ते २५ टक्के आणि इतरत्र १० टक्के किंवा कमी असावा, अशी शिफारस झाली. कंपनी जन्माला येण्याआधीच तिचा अर्धा देह गहाण टाकला तर पुढचा गुंतवणूकदार दारातूनच मागे फिरतो, हे कळायला एवढी वर्षं लागली.

ऑक्सफर्डवरून आठवलं, म्हणून शेवटी पुन्हा तिथेच. २०२० मध्ये त्या विद्यापीठाच्या कोविड लशीचा परवाना अॅस्ट्राझेनेकाला दिला गेला आणि तिथून पुण्याच्या सीरमला, जिथे तिची कोविशील्ड झाली. त्याच ऑक्सफर्डच्या जेनर संस्थेने हिवतापावरची आर-२१ ही लस तयार केली. तिच्यात घातलेलं मॅट्रिक्स-एम हे द्रव्य मुळात स्वीडनमधल्या उप्सालातल्या एका छोट्या कंपनीतलं. ती कंपनी नोव्हाव्हॅक्सने विकत घेतली. हे धागेही पुण्याच्या सीरममध्येच येऊन जुळले. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये लशीची शिफारस केली, किंमत एका मात्रेला दोन ते चार डॉलर, आणि जुलै २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये पहिल्या मुलांना ती टोचली गेली. खोक्यांवर पुण्याचा पत्ता होता.